फिल्टरवाले इअरप्लग: चांगले, पण घरात घालायचे नाहीत

झोपेसाठी इअरप्लग शोधणाऱ्यांना माझं मत फारसं उपयोगाचं नाही. मला हायपरॲक्युसिस आहे. बशीवर चमचा आपटला, कुणी खुर्ची फरशीवर ओढली, की कानात कळ उठते. ऑडिओग्राम मात्र अगदी नॉर्मल, कारण त्यात मोजतात तो ऐकू येणारा सगळ्यात बारीक आवाज. आवाज कुठपासून असह्य होतो, ते वेगळं मोजावं लागतं. बहुतेकांची ही हद्द साधारण 90 ते 100 डेसिबलच्या आसपास असते. माझी त्याच्या बरीच अलीकडे आहे. लोकांना वाटतं हिला जास्त ऐकू येतं. ऐकू तेवढंच येतं हो, सोसत नाही.

फोमचे प्लग एकूण आवाज जास्त अडवतात, पण उंच पट्टीचे आवाज अधिक खातात. मग समोरचा गोधडीतून बोलतोय असं वाटतं. हे सिलिकॉनचे फिल्टरवाले सगळ्या पट्ट्या जवळपास सारख्याच खाली आणतात, त्यामुळे बोलणं हळू पण स्वच्छ ऐकू येतं. लग्नाच्या हॉलमध्ये मी ह्यांच्या जिवावरच टिकते. पाकिटावर 15 डेसिबल लिहिलंय. प्लग नीट बसला नाही तर तेवढे मिळत नाहीत. डोक्यावरून दुसरा हात नेऊन कान वर-मागे ओढायचा आणि मग सरकवायचा. माझ्या दोन्ही कानांना वेगवेगळं माप लागलं, तेव्हा सगळी मापं असलेलाच संच घ्या.

स्वतःचा आवाज, चावणं, पावलं डोक्यात घुमतात. त्यात कंपनीचा दोष नाही. कानाचं तोंड बंद झालं की हाडांतून आलेला आवाज बाहेर पडत नाही. जेवताना मी ते काढूनच ठेवते.

खरी अडचण पाकिटावरच्या ‘दिवसभर वापरा’ ह्या सल्ल्याची आहे. आमच्यासारख्यांसाठी तो उलटा पडतो. बाहेरून आवाज कमी आला की मेंदू आतली पातळी वाढवतो, असं मानतात. 2003 साली फॉर्म्बी ह्या संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी चांगल्या कानांच्या लोकांना 2 आठवडे प्लग घालायला लावले. त्यांची आवाजाची संवेदनशीलता वाढली. ज्यांच्या कानाला प्लगऐवजी मंद खरखर ऐकवणारं यंत्र लावलं होतं, त्यांची कमी झाली. माझ्या ऑडिओलॉजिस्टबाईंनी म्हणूनच घरात प्लग बंद केले आणि हलका पाऊस किंवा पंख्यासारखा आवाज मागे चालू ठेवायला सांगितला. ड्रिल, फटाके, बँड असे खरोखर मोठे आवाज असतील तेव्हा प्लग जरूर घाला. (फक्त कुणाच्या मचमच खाण्याने डोकं फिरत असेल तर ते मिसोफोनिया, त्याचा इलाज वेगळा.)

पाचपैकी चार. एक गुण त्या पाकिटावरच्या सल्ल्यापायी कापला.