अमेरिकेतल्या टाउनशिपचे जुने मोजणी नकाशे, तेही फुकटात

सातबारा, गट नंबर, मोजणी यात ज्याला गोडी आहे त्याने जीएलओ (जनरल लँड ऑफिस) रेकॉर्ड्स ही साइट बघाच. अमेरिकेच्या सरकारी जमीन खात्याची, म्हणजे ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंटची आहे, राज्य आणि काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखी) टाकून शोधायचं. 1785 च्या कायद्यानं तिकडे 6 बाय 6 मैलाचे चौकोन पाडले, त्यालाच टाउनशिप म्हणतात, एकेकात 36 सेक्शन, एक सेक्शन 640 एकरांचा आणि 16 नंबरचा शाळेसाठी राखलेला, हे मला फार आवडलं राव! नकाशात नदी वाकडीतिकडी जाते पण हद्दीची रेघ सरळच, तापीकाठचे बांध बघत वाढलेला माणूस चक्रावून जातो. काही राज्यांच्या मोजणीदारांच्या वह्याही आहेत, कोपऱ्याला झाड कोणतं, माती कशी, ओढा किती रुंद, सगळं हातानं लिहिलेलं. त्यांची मोजणीची साखळी 66 फुटांची आणि आपला गुंठा 33 बाय 33, म्हणजे बाजू बरोबर निम्मी. 1862 च्या होमस्टेड कायद्यात (वस्ती करून जमीन कसणाऱ्याला सरकारी जमीन देणारा) 160 एकर कुणाकुणाला मिळाले त्याचे कागदपण सापडतात. जुनं अक्षर लागायला वेळ लागतो, म्हणून मोबाईल नको, कॉम्प्युटरवर उघडा. आणि टेक्सास शोधू नका, तिथली जमीन या पद्धतीत मोजलेलीच नाही.