टाच आधी की चवडा आधी? दोन्ही करून बघितलेल्याचं मत

ज्यांचं आठवड्याला वीस-पंचवीस किमी आरामात होतंय आणि आता ग्रुपमधल्या कुणीतरी डोक्यात भरवलंय की "अरे तू टाचेवर पडतोस, चुकीचं पळतोस", त्यांच्यासाठी हे लिहितोय. ड्रॉप म्हणजे बुटात टाच चवड्यापेक्षा किती उंच ते, त्यापलीकडे बेसिक सांगत बसत नाही.

आधी टाचवाल्यांची बाजू, कारण त्यांना उगाच शिव्या पडतात. सप्पोरोच्या हाफ मॅरेथॉनमध्ये १५ किमीच्या पॉइंटला जपानी संशोधकांनी २८३ रनर्सचं लँडिंग कॅमेऱ्यात पकडलं होतं, २००७ साली ते छापून आलं, तर त्यात जवळपास ७५ टक्के लोक टाचेवरच पडत होते. पुढच्या लोकांत पूर्ण तळव्यावर पडणारे थोडे जास्त निघाले हे खरं, पण टाचवाले काही मागे रखडत नव्हते. मीही चार वर्षं तसाच पळालो, जाड सोल, १० मिमी ड्रॉप, आणि गुडघ्याची फारशी कुरकुर नव्हती.

माझी भानगड वेगळीच. पावसाळ्यात मी घरीच ट्रेडमिलवर पळतो, दुसरा मजला, पहाटे साडेपाच. खालचे काका एक दिवस वर आले आणि म्हणाले, "रोज पहाटे मुसळाने कांडतोस का रे?" मग खाली रबर मॅट टाकली, त्याखाली सतरंजी टाकली, बूट अजून मऊ घेतले, तरी धप् धप् काही जाईना. सोल कितीही मऊ असला तरी पाय शरीराच्या पुढे, गुडघा जवळजवळ सरळ, आणि टाच आपटली की पाय तिथेच ब्रेक लागल्यासारखा थांबतो. हार्वर्डच्या लिबरमन या संशोधकाने २०१० मध्ये हेच मोजून दाखवलं, टाचेवर पडताना सुरुवातीलाच फोर्सचा जो टोकदार झटका येतो तो अनवाणी चवड्यावर उतरणाऱ्यांत जवळपास दिसतच नाही. त्याच्याकडे पायाचा जोर मोजणारी फोर्स प्लेट होती, माझ्याकडे काका होते.

मग पातळ सोल, झीरो ड्रॉप घेतले, पावलं आखूड केली, कॅडेन्स (मिनिटाला पडणारी पावलं) १५८ वरून १७० च्या आसपास आला आणि आवाज टप टप वर आला. दोन आठवड्यांनी काका पार्किंगमध्ये भेटले तर विचारतात, "व्यायाम सोडलास वाटतं?" तिथेच माझं ठरलं.

आता याची किंमत. पहिल्या आठवड्यात नुसते तीन किमी केले आणि दुसऱ्या दिवशी रेलिंग धरून खेकड्यासारखा आडवा जिना उतरलो. चूक माझीच, मी टाच हवेत ठेवून पळत होतो. तसं नाही करायचं, चवडा टेकला की मागोमाग टाच हलकेच खाली येऊ द्यायची, नाहीतर पोटऱ्यांचा दगड होतो. भार कुठे गायब होत नाही, गुडघ्यावरचा काही पोटरीवर आणि अकिलीसवर, म्हणजे टाचेमागच्या जाड कंडऱ्यावर, जातो एवढंच. त्यामुळे अकिलीसचं जुनं दुखणं असेल तर माझं ऐकू नका, आहे तेच बरं. बाकीच्यांनी रनच्या शेवटी एक किमी, असं करत दोन-तीन महिने काढावेत, घाई केली तर चवड्याच्या हाडाला स्ट्रेस फ्रॅक्चर (ताणाने पडणारी बारीक भेग) होऊ शकतं.

आणि अनवाणीच पळा म्हणून अबेबे बिकिलाचं उदाहरण देणारे भेटतील. तो इथियोपियाचा रनर १९६० ला रोममध्ये ऑलिंपिक मॅरेथॉन अनवाणी २:१५:१६ मध्ये जिंकला, बरोबर, पण चार वर्षांनी टोकियोत बूट घालून २:१२:११ मध्ये जिंकला, ते कुणी सांगत नाही.

म्हणजे बूट बदलायलाच हवेत असंही नाही, पाऊल आखूड केलं तर आहेत त्या शूजमध्येही बराच फरक पडतो. काहीच दुखत नसेल आणि खाली काका नसतील तर टाच चालू द्या. मी मात्र परत जाईन असं वाटत नाही. फक्त रविवारी १६ किमीच्या पुढचं असेल तर अजून जुने जाडच शूज घालतो, पण त्यातही पाऊल आता नवीनच पडतं.