‘बेस्ट’चे कूळ सांगणारा कोश

डग्लस हार्पर यांनी उभा केलेला ‘एटिमॉनलाइन’ हा इंग्रजी व्युत्पत्तिकोश इंटरनेटवर विनामूल्य पाहता येतो. अशा कोशाची परीक्षा एखाद्या अवघड शब्दावर घेण्यापेक्षा, आपण परीक्षेला निघालेल्या प्रत्येक मुलाला ऐकवतो त्या ‘बेस्ट’वर घ्यावी, असे मला वाटले.

‘गुड’ची पुढची रूपे ‘बेटर’ आणि ‘बेस्ट’ का, या प्रश्नाला शाळेत ‘पाठ करा’ एवढेच उत्तर मिळाले होते, आणि घरातल्या जाडजूड इंग्रजी-मराठी कोशात ‘उत्तम, सर्वोत्कृष्ट’ यापलीकडे काही नाही. येथे मात्र कळते की या दोन रूपांचा ‘गुड’शी मुळात संबंधच नाही, इलाज, भरपाई या अर्थाच्या एका जुन्या इंग्रजी शब्दाच्या घराण्यातून ती आली आणि ‘गुड’कडे दत्तक गेली. तो मूळ शब्द आज ‘टू बूट’, म्हणजे ‘शिवाय, वर आणखी’, या वाक्प्रचारापुरता उरला आहे. पायातल्या बुटाशी त्याचे नाते नाही. इलाज आणि चांगुलपणा यांची ही जवळीक मराठी वाचकाला परकी वाटू नये, कारण आपणही दुखणे ‘बरे’ करतो आणि माणसालाही ‘बरा’ म्हणतो.

मूळच्या ‘बेट्स्ट’मधला मधला ‘ट’ उच्चारात गळाला. शेवटच्या ‘-एस्ट’ प्रत्ययाची नोंद वेगळी उघडावी लागते, पण ती चुकवू नये: हा प्रत्यय आणि श्रेष्ठ, ज्येष्ठ, कनिष्ठ यांतला संस्कृत ‘-इष्ठ’ हे सख्खे भाऊ आहेत. (‘श्रेष्ठतम’ लिहिणाऱ्यांनी क्षणभर थांबावे.)

कोश उणा पडतो तो वाक्प्रचारांत. ‘अॅट बेस्ट’ ही स्तुती नसून ‘फार तर’ आहे, ‘यू हॅड बेस्ट गो’ म्हणजे ‘तुम्ही गेलेले बरे’, आणि ‘मेक द बेस्ट ऑफ इट’ म्हणजे आहे त्यात भागवणे, हे समजायला वापराची उदाहरणे देणारा दुसरा कोश शेजारी हवाच. क्रियापद म्हणून ‘बेस्ट’ आणि ‘वर्स्ट’ या दोहोंचा अर्थ एकच, ‘हरवणे’, ही गंमतही दोन नोंदी आपणच शेजारी ठेवल्या तर हाती लागते. माझी अख्खी संध्याकाळ त्यातच गेली.