रीपर: वर्षभराच्या वापरानंतर, भजन रेकॉर्ड करणाऱ्यांसाठी

रीपर या संगणकावरच्या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरवर येऊन आता वर्ष होत आलं. ज्यांचं काम माझ्यासारखं आहे, म्हणजे माणसं समोर बसून गाणार-वाजवणार आणि आपण ते टिपणार, त्यांनी खुशाल बदल करावा. ज्यांचं गाणं कीबोर्ड आणि लूपवर (पुन्हा पुन्हा वाजणाऱ्या तयार तुकड्यांवर) उभं राहतं, त्यांनी आहेत तिथेच राहावं. हे मत वापरून बनलेलं आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

माझं काम पंचवटीत, घरातल्याच एका खोलीत चालतं. भजनी मंडळं, हार्मोनियम-तबल्यावरचं गाणं, गणपतीच्या आधी ढोल पथकांचे सराव. पौष वद्य एकादशीला त्र्यंबकेश्वरी निवृत्तिनाथांची यात्रा भरते, त्याआधी मंडळांना आपापले अभंग तयार हवे असतात. आता 2027 च्या सिंहस्थाचीही विचारणा सुरू झाली आहे. आधी जे सॉफ्टवेअर होतं त्यावर मी बरीच वर्षं काढली. पण जुन्या लॅपटॉपवर ते उघडेपर्यंत गायकाचा गळा थंड व्हायचा, लायसन्सची खात्री करायला इंटरनेट मागायचं आणि दरवर्षी पैसे भरावे लागायचे ते वेगळेच. रीपर डाउनलोड करायला वीस एमबीच्या आसपास आहे आणि त्याच लॅपटॉपवर चटकन उघडतं.

पण मला त्यात धरून ठेवलं ते लयीने. अभंग सुरू होतो तेव्हाची लय आणि गजराला पोचल्यावरची लय यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. मंडळाची लय वाढते ती रंग चढल्यामुळे, आणि ती क्लिकला, म्हणजे मेट्रोनोमच्या ठरलेल्या ठोक्याला, बांधली की भजन मरतं. रेकॉर्डिंगची बहुतेक सॉफ्टवेअर मात्र टेम्पो ठरलेला आहे असंच धरून चालतात. रीपरही नवीन प्रोजेक्टला 120 बीपीएम (मिनिटाला 120 ठोके) आणि 4/4 (चार मात्रांचं आवर्तन) देतं, आणि मूळ सेटिंगमध्ये टेम्पो बदलला की रेकॉर्ड झालेले तुकडे त्याच्याबरोबर सरकतात. प्रोजेक्ट सेटिंग्जमध्ये टाइमबेस ‘टाइम’ करा, तुकडे घड्याळाला बांधलेले राहतील. ग्रिड आणि स्नॅप (तुकडे ग्रिडच्या रेषांना चिकटवणारी सोय) बंद करा. नंतर तबल्याच्या समेवर टेम्पो मार्कर टाकत गेलं की मोजपट्टी गाण्याच्या मागून चालते, आणि मग एखादा तानपुऱ्याचा किंवा स्ट्रिंग्जचा ट्रॅक त्यावर बसवता येतो. हे काम वेळखाऊ आहे, पण गाण्याला हात लागत नाही.

जिथे क्लिक लागतोच तिथेही एक सोय मला फार आवडली. रूपकाची सम खाली असते आणि टाळी येते चौथ्या आणि सहाव्या मात्रेवर. सात मात्रांसाठी 7/4 लावलं की सॉफ्टवेअर पहिल्या मात्रेवर ठणका देतं, मग तबलजी वैतागतो. रीपरमध्ये मेट्रोनोमचा पॅटर्न मात्रेगणिक बदलता येतो. पहिली मात्रा हलकी, चौथी-सहावी जोरात, एवढं केलं आणि आमच्या तबलजींनी हेडफोन काढून टाकणं बंद केलं.

एडिटिंगचं एक उदाहरण देते. मंडळ एकाच खोलीत बसतं, त्यामुळे पखवाजाच्या माइकमध्ये टाळ, बुवांच्या माइकमध्ये कोरस, सगळं सगळ्यात मिसळलेलं. अशा वेळी एकट्या गाण्याचा ट्रॅक कापून चालत नाही, टाळातून चूक ऐकू येतेच. समजा गजराचं एक आवर्तन जास्त झालं. मी अल्ट आणि पी दाबून रिपल एडिट सगळ्या ट्रॅकवर लावते, समेपासून समेपर्यंतचा भाग निवडते आणि काढून टाकते. आठही ट्रॅकवरचा नंतरचा भाग एकदम मागे सरकून जोडला जातो. सांध्यावर टाळांच्या झंकाराची शेपटी तुटू नये म्हणून क्रॉसफेड (एक तुकडा विरत दुसरा चढतो तो भाग) थोडा लांबवते, की झालं. एकट्या गायकाचं काम असेल तेव्हा रीपर 7 मध्ये आलेल्या लेन उपयोगी पडतात: सगळे टेक एकाखाली एक दिसतात आणि माउस फिरवून हवा तो शब्द हव्या त्या टेकमधून उचलायचा. मंडळासाठी मात्र त्याचा उपयोग नाही.

आवाजाबद्दल एक गैरसमज नाशिकमध्येही खूप ऐकते, की अमुक सॉफ्टवेअरचा आवाज ‘गरम’ आणि तमुकचा ‘कोरडा’. मी त्याच वेव्ह फाइल जुन्या सॉफ्टवेअरमध्ये आणि रीपरमध्ये घेतल्या, एकही प्लगइन (आवाजावर इफेक्ट देणारी जोड) न लावता मिक्स बाहेर काढला, एकाची फेज उलटी करून दुसऱ्यावर ठेवला. पॅन लॉ (मधोमध ठेवलेल्या ट्रॅकची पातळी किती उतरवायची ते सेटिंग) जुळवल्यावर शांतता, म्हणजे दोन्ही मिक्स तंतोतंत एकच. फरक पॅन लॉचाच होता. रीपरमध्ये तो मुळात 0 डीबी असतो, म्हणजे मधोमध ठेवलेला मोनो ट्रॅक कमी होत नाही. जिथे तो उणे 3 डीबी असतो तिथून आलेलं मिक्स इथे वेगळं वाटणारच. सेटिंग जुळवा आणि मगच कानांवर विश्वास ठेवा.

खरा त्रास जुन्या कामांचा होतो. एका सॉफ्टवेअरचा प्रोजेक्ट दुसऱ्यात जसाच्या तसा उघडत नाही. बिटविग आणि स्टुडिओ वन या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरवाल्यांनी 2023 मध्ये डीएडब्ल्यूप्रोजेक्ट नावाचा खुला फॉरमॅट आणला, क्युबेस या सॉफ्टवेअरच्या 14 व्या आवृत्तीनेही तो घेतला, ही फार चांगली गोष्ट आहे, पण रीपर तो स्वतःहून उघडत नाही. त्यामुळे प्रत्येक ट्रॅक शून्यापासून सुरू होणारी 24 बिट वेव्ह म्हणून काढायचा, एक प्रत इफेक्टसकट आणि एक कोरडी, शिवाय टेम्पोचा नकाशा मिडी फाइलमध्ये (तिच्यात आवाज नसतो, सूर-तालाच्या सूचना असतात). हे सगळं जुन्या सॉफ्टवेअरचं लायसन्स चालू आहे तोवरच उरकून घ्या. रीपरची स्वतःची प्रोजेक्ट फाइल साध्या मजकुराची असते, नोटपॅडमध्ये उघडते, कुठली वेव्ह कुठे लागली आहे ते वाचता येतं. याचं मला फार मोल वाटतं, कारण सॉफ्टवेअर कायम राहतंच असं नाही. 2002 मध्ये ॲपलने इमॅजिक कंपनी घेतली आणि तिचं लॉजिक हे रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर विंडोजवर बंद झालं. 2017 मध्ये गिब्सनने केकवॉक सोनार हे तसंच सॉफ्टवेअर थांबवलं, पुढच्या वर्षी बँडलॅबने ते घेतलं म्हणून वाचलं. बुवा उद्या नसतील, त्यांचा आवाज असलेली फाइल तेव्हाही उघडायला हवी.

हाताचं वळण बदलायला वेळ लागतो. बोटं जुने शॉर्टकट दाबत राहतात आणि गायक समोर बसलेला असताना हे फार अंगावर येतं. इथे प्रश्नचिन्ह दाबलं की ॲक्शन लिस्ट उघडते, त्यात हवी ती क्रिया शोधून जुनीच की तिला देता येते. रोजच्या वापरातल्या कळा मी अशा बदलून घेतल्या. बाकीच्या नव्याने शिकले, आणि केनी जोइया यांचे रीपर शिकवणारे व्हिडिओ त्यासाठी पुरेसे झाले.

कमतरताही आहेत. रीपरसोबत लूप येत नाहीत, वाद्यांचे म्हणावे असे आवाज येत नाहीत, मेनू इतके की नवखा गांगरतो. मिडीवर हात चालवायला एफएल स्टुडिओ या सॉफ्टवेअरचा पियानो रोल (सूर चौकटीत मांडायची खिडकी) कितीतरी सुखाचा आहे. आमच्या गल्लीतली पोरं गणपतीची डीजे गाणी त्यावर करतात, एकदा घेतलं की पुढचे अपडेट फुकट मिळतात, आणि त्यांना मी रीपरवर या असं कधीच सांगणार नाही. मुंबईच्या स्टुडिओत मिक्सला पाठवायचं असेल तर तिथे प्रो टूल्स या सॉफ्टवेअरचं सेशन मागतात, तेव्हा स्टेम (ट्रॅकच्या वेगवेगळ्या वेव्ह फाइल) काढून द्यावेच लागतात.

पैशांचं बोलायचं तर साधं लायसन्स 60 डॉलरचं आहे, म्हणजे आजच्या भावाने पाच हजारांच्या आसपास. व्यवसायाचं वार्षिक उत्पन्न 20,000 डॉलरच्या आत असेल तर तेच चालतं, उत्पन्न त्यापेक्षा जास्त असेल तर 225 डॉलरचं. आता सातव्या आवृत्तीत घेतलं तर आठवी संपेपर्यंत पुन्हा पैसे नाहीत. त्याआधी 60 दिवस सगळ्या सोयींसकट वापरून बघता येतं. ते दिवस गणपती-नवरात्राच्या धांदलीत सुरू करू नका, हातातलं काम जुन्यातच पुरं करा आणि नवीन मंडळाचा पहिला अभंग थेट रीपरमध्ये घ्या.