सीडी73 ची एडी-2 अँटीबॉडी: फ्लोला एक नंबर, बाकी ठिकाणी जपून

एडी-2 म्हणजे मानवी सीडी73 (पेशीच्या पृष्ठभागावरचं, एएमपीपासून अडेनोसिन बनवणारं एन्झाइम) विरुद्धचा माऊस आयजीजी1 क्लोन. पीई हा चमकणारा रंग जोडलेली ही अँटीबॉडी गेले काही महिने माझ्या फ्लो सायटोमेट्रीच्या (एकेका पेशीची चमक मोजण्याच्या) पॅनेलमध्ये आहे, आणि एवढ्या वापरानंतर तिच्याबद्दल ठाम मत झालं आहे.

फ्लोमध्ये तक्रारीला जागा नाही. स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींपैकी एमडीए-एमबी-231 चं शिखर सरळ उजवीकडे जातं, एमसीएफ-7 जवळपास आयसोटाइप कंट्रोलवरच (सीडी73 ला न चिकटणारी त्याच प्रकारची अँटीबॉडी) बसतात. नवा लॉट आला की आधी ही जोडी लावून बघायची. रक्तातल्या पेशींत बी पेशी बहुतांश पॉझिटिव्ह येतात. सीडी8 टी पेशींमध्ये नाईव्ह (प्रतिजनाला अजून न भेटलेल्या) पेशी चमकतात, मेमरीकडे जाताना सिग्नल उतरतो. सीडी4 टी पेशींमध्ये मात्र वेगळं शिखर नाही, नुसता खांदा दिसतो. तिथे एफएमओ कंट्रोलशिवाय (बाकी सगळे रंग घालून फक्त हा वगळलेला नमुना) गेट टाकणं म्हणजे निव्वळ अंदाजपंचे. उंदरांवरचे पेपर वाचून आलेली मंडळी ट्रेग (नियामक टी) पेशींवर सीडी39 (एएमपी तयार करणारं जोडीचं एन्झाइम) आणि सीडी73 दोन्ही ठळक दिसतील असं धरून चालतात. मानवी ट्रेगवर सीडी39 असतं, पण पृष्ठभागावर सीडी73 बेताचंच. त्यासाठी अँटीबॉडीला बोल लावू नका. (उंदराच्या पेशींसाठी टीवाय/23 हा क्लोन घ्या.)

टायट्रेशन (वेगवेगळ्या मात्रा लावून बघणं) कराच. माझ्याकडे सुचवलेल्या मात्रेच्या निम्म्यातही शिखरं तितकीच वेगळी राहिली, आणि पार्श्वभूमी उलट खाली आली.

आता जपायची गोष्ट. सीडी73 पेशीपटलाला फक्त जीपीआय या लिपिडच्या नांगरानं अडकलेलं असतं, आणि एडी-2 बसली की रेणू एकत्र गोळा होऊन आत ओढले जाऊ शकतात. म्हणून जिवंत पेशी बर्फावर, अझाइड घातलेल्या बफरमध्येच रंगवाव्यात. 37 अंशांवर ठेवलेल्या नमुन्यात सिग्नल घटला, तर प्रथिन कमी झालं असा निष्कर्ष लगेच काढू नये.

दुसरं, चमक म्हणजे एन्झाइमची क्रिया नव्हे. एएमपीपासून अडेनोसिन किती बनतं ते वेगळंच मोजावं लागतं. मी सुटणारा फॉस्फेट मॅलाकाइट ग्रीननं (फॉस्फेट असला की हिरवा होणारा रंग) मोजतो आणि शेजारी एपीसीपी (सीडी73 रोखणारं रसायन) घातलेला कंट्रोल ठेवतो. त्या दिवशी पेशी पीबीएसमध्ये (त्या बफरमध्येच फॉस्फेट असतो) धुवायच्या नाहीत, नाहीतर प्लेटच्या सगळ्या विहिरी हिरव्यागार होतात.

वेस्टर्न ब्लॉटला (प्रथिनं आकारानुसार वेगळी करून ओळखण्याला) ही वापरत नाही. त्यासाठी रॅबिट अँटीबॉडी ठेवली आहे. पट्टी 70 किलोडाल्टनच्या आसपास, जरा पसरटच येते. ती ग्लायकोसिलेशनमुळे (प्रथिनाला जोडलेल्या साखरेच्या साखळ्या); त्या कापणारं पीएनगेज-एफ दिलं की खाली सरकते. पुढच्या वेळीही फ्लोसाठी हाच क्लोन मागवणार, फक्त पीईची कुपी चुकूनही फ्रीझरमध्ये जाऊ देऊ नका.