मोटरहोम झकास, पण डॅशबोर्डवरच्या दिव्यांचा अर्थ कोण सांगणार?

न्यूझीलंडचं साउथ आयलंड मोटरहोमने (म्हणजे चाकांवरचं घरच) फिरलो, क्राइस्टचर्चला गाडी घेतली आणि क्वीन्सटाउनला परत दिली. मी, बायको, आई आणि तिकडेच हॅमिल्टनला राहणारे ताई-दाजी. गाडीला पाचपैकी पाच आणि गाडी ताब्यात देताना जे काही समजावतात त्याला दोन, म्हणून एकूण साडेतीन स्टार. कंपनीचं नाव टाकत नाहीये, कारण कॅम्पसाइटवर भेटलेल्या दुसऱ्या कंपन्यांच्या गिऱ्हाइकांचंही रडगाणं हेच होतं.

गाडी म्हणजे युरोपियन डिझेल व्हॅनवर बांधलेली, ऑटोमॅटिक, सहा जण झोपतील एवढी, आत गॅस, फ्रीज, संडास, शॉवर सगळं. चालवायला साधं कारचं लायसन्स पुरतं, कारण तिकडे ६००० किलोपर्यंतची गाडी त्यातच बसते, आणि ट्रॅफिक आपल्यासारखाच डावीकडून, त्यामुळे तासाभरात हात बसतो. वळणावर मागचा भाग जरा बाहेर फेकला जातो तेवढं सांभाळायचं.

आता हँडओव्हर. पोरगा एकदम गोड होता, बेड कसा उघडायचा, चादरी कुठे, टीव्हीचा रिमोट कुठे हे सगळं त्याने निवांत दाखवलं, आणि डॅशबोर्डबद्दल विचारलं तर म्हणाला काही झालं तर गाडी स्वतःच सांगेल. अहो सांगेल हो, पण ती सांगते चित्रांमध्ये, आणि मॅन्युअल ग्लोव्हबॉक्समध्ये तीनशे पानांचं.

पहिल्यांदा हे डोक्यात घ्या की गाडीत पॅनल दोन असतात. स्टिअरिंगसमोरचं इंजिनाचं, आणि मागे दाराच्या वर असतं ते बिऱ्हाडाचं. बॅटऱ्यासुद्धा दोन. समोर बॅटरीचा लाल दिवा लागला तर अल्टरनेटर (चालू इंजिनावर बॅटरी भरणारा जनरेटर) चार्जिंग करत नाहीये, आणि वरच्या पॅनलवर व्होल्ट कमी दिसले तर रात्रीचे दिवे, पाण्याचा पंप आणि हीटर यांची बोंब. आमच्या घरात दोन दिवस यावरूनच वाद चालला होता की नक्की कुठली बॅटरी उतरलीय. वरच्या पॅनलवर गाडी उभी असताना १२.६-१२.७ व्होल्ट म्हणजे फुल, १२ च्या आसपास आलं की चार्जिंगला लावा.

रंगांचा हिशोब सोपा आहे. लाल लागला की सुरक्षित जागा बघून थांबायचं, विशेषतः तेलाच्या बुधलीचं चित्र (ऑइल प्रेशर) आणि पाण्यातल्या थर्मामीटरचं चित्र (इंजिन तापलंय). तापलेल्या इंजिनाचं कूलंटचं झाकण कोणीही हिरो बनून उघडायचं नाही. पिवळा म्हणजे गाडी चालेल पण लवकर बघा. हिरवा-निळा म्हणजे नुसती माहिती, आई मात्र हाय बीमच्या निळ्या दिव्यालाही शेवटपर्यंत घाबरत होती. लिंडिस पासचा चढ, ९७१ मीटर, गाडी भरलेली, तरी टेंपरेचरचा काटा मधून हलला नाही, इथे गाडीला मानलं.

पहिला पिवळा दिवा लागला टेकापोला, सकाळी सकाळी, टायरचं कापलेलं चित्र आणि मध्ये उद्गारचिन्ह. मी म्हटलं, "दाजी, पंक्चर वाटतं." दाजी खाली उतरून चारही टायरना लाथा मारून आले, "अरे काही नाही रे, थंडीने हवा बसलीय." बरोबरच होतं, तापमान पाच-सहा डिग्री उतरलं की साधारण एक पीएसआय कमी होतो आणि टेकापोला रात्री पारा चांगलाच खाली जातो. पण लाथ मारून प्रेशर कळत नाही हो, ड्रायव्हरच्या दाराजवळ स्टिकर असतो त्यावर पुढच्या-मागच्या टायरचा आकडा बघा आणि पेट्रोल पंपावर टायर गार असताना हवा भरा. मोटरहोमला कारपेक्षा खूप जास्त प्रेशर लागतं, कारच्या अंदाजाने भरू नका.

खरी मजा अ‍ॅडब्लूची. ओमारामाच्या अलीकडे स्क्रीनवर मेसेज आला की अमुक किलोमीटरनंतर इंजिन स्टार्ट होणार नाही, आणि तो आकडा हळूहळू कमी होत चालला. बायकोचा चेहरा पांढरा. तर हे अ‍ॅडब्लू म्हणजे ३२.५ टक्के युरिया आणि बाकी शुद्ध पाणी, एक्झॉस्टमधला नायट्रोजन ऑक्साइडचा धूर कमी करायला नवीन डिझेल गाड्यांना लागतं. संपलं तर चालू गाडी बंद पडत नाही, पण एकदा बंद केली की परत सुरू होत नाही, म्हणजे हास्टच्या बाजूला मध्येच कुठे फोटो काढायला थांबलात की बसा तिथेच माश्या मारत. इशारा बऱ्याच आधी येतो म्हणून घाबरायचं कारण नाही, पंपावर दहा लिटरचा कॅन मिळतो, निळ्या झाकणाच्या टाकीत ओतायचा. डिझेलच्या टाकीत चुकूनही नाही, आणि गेलंच तर चावी फिरवायची नाही, सरळ कंपनीला फोन. भरल्यावर मेसेज लगेच जात नाही, थोडी चालवल्यावर गेला. आता मला सांगा, ही एक गोष्ट हँडओव्हरला सांगायला दोन मिनिटं लागली असती की नाही?

रात्रीच्या हीटरचंही तसंच. आमचा हीटर डिझेलवर होता, गाडीच्याच टाकीतून ओढणारा, पण त्याची नळी मुद्दाम वर लावलेली असते म्हणजे रात्रभर हीटर चालून सकाळी इंजिनाला डिझेल उरलं नाही असं होऊ नये. त्यामुळे काटा पावच्या खाली गेला की हीटर एरर दाखवून गप्प बसतो. हेल्पलाइनवरच्या बाईंनी रात्री अकरा वाजता हे शांतपणे समजावून सांगितलं, त्यांना वेगळे पाच स्टार. तेव्हा थंडीत काटा अर्ध्याच्या खाली जाऊच देऊ नका. वानाका ते हास्ट जवळपास १४० किलोमीटर आणि पुढे फॉक्स ग्लेशियरपर्यंत आणखी सव्वाशेच्या आसपास, मध्ये पंप मोजकेच, म्हणजे तसंही टाकी भरलेलीच बरी.

वरच्या पॅनलवरचे पाण्याचे दिवे पाव-पावच्या टप्प्यात असतात, चढावर गाडी उभी केली तर खोटं बोलतात, सपाटीवर बघा. संडासाच्या कॅसेटचा (खालची काढता येणारी मैल्याची टाकी) लाल दिवा मात्र खरा, तो लागला की डंप स्टेशन (ती टाकी रिकामी करायची जागा) गाठायचं, उद्यावर ढकलायचं नाही.

परत देताना काउंटरवर अ‍ॅडब्लूचा चार्ज बिलात लावलेला निघाला. आम्ही स्वतः भरलेल्या कॅनची पावती ताईने पर्समध्ये जपून ठेवली होती, ती दाखवल्यावर काढून टाकला, कुरकुर न करता. डिझेल गाडीचा किलोमीटरमागे रोड टॅक्स असतो तो वेगळा लागतो, म्हणून घेताना आणि देताना दोन्ही वेळा ओडोमीटरचा फोटो काढा, आणि त्याच फोटोत समोरचे सगळे दिवेही येऊ द्या.