घोडबंदर रस्त्यालगतचे नियोजित गृहसंकुल: सदनिका उत्तम, पोहोचरस्ता वादात

ठाण्यातील कासारवडवलीजवळच्या या नियोजित संकुलाच्या विक्री कार्यालयातील नमुना सदनिका नीटनेटकी आहे आणि कर्मचारी सौजन्याने बोलतात. प्रश्न रस्त्याचा आहे. माहितीपत्रकातील रुंद रस्ता विकास आराखड्यात असला, तरी त्याची जागा अद्याप संपादित झालेली नाही; तोवर सर्व वाहने जुन्या सोसायट्यांसमोरच्या अरुंद गल्लीतून नेण्याचा विकासकाचा विचार असून त्याला तेथील रहिवाशांचा ठाम विरोध आहे. तो मला रास्त वाटतो, कारण मेट्रो ४ च्या कामामुळे आधीच कोंडलेल्या घोडबंदर रस्त्यावर येण्यासाठी त्यांनाही तेवढीच वाट आहे. शिवाय २०२० च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत अनुज्ञेय चटईक्षेत्र निर्देशांक (भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम करता येते ते प्रमाण) रस्त्याच्या रुंदीशी जोडलेला असल्याने, इमारत किती उंच होणार हेही पुष्कळसे या रस्त्यावरच अवलंबून आहे. याविषयी विचारल्यावर ‘काम लवकरच होईल’ एवढेच उत्तर मिळाले (जलतरण तलावाची मापे मात्र तोंडपाठ होती). इच्छुकांनी महारेरा या राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर मंजूर नकाशे पाहावेत आणि रस्त्याची जागा महापालिकेच्या ताब्यात आल्याचा लेखी पुरावा मागावा. मला तो दाखवण्यात आला नाही, म्हणून मी नोंदणीची रक्कम भरलेली नाही.